उजव्या कानाची औषधं

आम्ही खणलं ते कोरडं निघालं. गुडघाभर खणलं, कमरेएवढं खणलं, पाइप उघडा पडला, आणि त्याच्या भोवतालची माती पिठासारखी सुटी होती. मुकादम स्वतः खड्ड्यात उतरला. पाइपाखालून हात फिरवून त्यानं बोटं मला दाखवली आणि म्हणाला, "कानसाहेब, इथं घामसुद्धा नाही."

मी पाणीपुरवठ्यात गळती शोधतो. रस्त्याखालचा पाइप कुठं फुटला आहे ते वरून ऐकून सांगायचं, हे माझं काम. हातात लोखंडाची लांब कांडी असते, तिच्या वरच्या टोकाला लाकडाची छोटी वाटी. खालचं टोक व्हॉल्व्हवर टेकवायचं, वाटीला कान लावायचा. दाबातलं पाणी बारीक चिरेतून सुटत असलं की सूं असा आवाज येतो. तो जिथं सगळ्यात मोठा, तिथं खडूनं फुली मारायची आणि खणणाऱ्यांना बोलवायचं. नोकरीला लागल्यापासून मी उजवाच कान लावत आलो. डावा लावून पाहायची कधी वेळ आली नाही. त्यामुळं खात्यात मला नावानं कुणी हाक मारत नाही, कानसाहेबच म्हणतात.

त्या सकाळी रहदारी सुरू व्हायच्या आत मी ती गल्ली ऐकून काढली होती. प्रत्येक व्हॉल्व्हवर सूं येत होतं, आणि सगळीकडे सारखंच मोठं. खरं तर तिथंच मला शंका यायला हवी होती. गळतीचा आवाज जवळ गेलं की वाढतो, लांब गेलं की कमी होतो. पण आदल्या दिवशी लाइनचा दाब वाढवला होता, म्हणून मी समजलो की मोठी फूट आहे आणि आवाज लांबवर जातो आहे. मधला अंदाज धरून फुली मारली. तिथं कोरडं निघाल्यावर दुसरी मारली. तिथंही कोरडं.

"कान आज रजेवर आहे का?" मुकादमानं विचारलं. सगळे हसले. मीही हसलो.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. मी नेहमीसारखा उजव्या कानाला लावला. काहीच नाही. मी दोनदा हॅलो म्हणालो. फोन बिघडला असं वाटून तो डाव्या हातात घेतला, सहज त्या बाजूच्या कानाशी गेला, आणि तिचा आवाज आला. ती म्हणत होती, "बाबा, तुम्ही बोलताय, पण माझं तुम्हाला ऐकू येत नाहीये का?" मी परत उजव्या कानाला लावला. काही नाही. फक्त सूं. कांडी तर मी केव्हाच गाडीला टेकवून ठेवली होती.

मग मी खड्ड्याच्या कडेला बसलो. मुकादमाला काही सांगावं लागलं नाही. त्यानं माणसांना माती परत लोटायला सांगितलं आणि माझ्यासाठी पाण्याची बाटली आणून ठेवली.

मुलगी मोठ्या इस्पितळात औषधांच्या काउंटरवर आहे. तिनं त्याच दिवशी मला तिथल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी मला एका जाड भिंतींच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवला, हातात एक बटण दिलं आणि आवाज आला की दाबायचं असं सांगितलं. मी दाबत राहिलो. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "आम्ही आवाज सोडलाच नव्हता तेव्हाही तुम्ही दाबत होतात." मी म्हटलं, "मला येतच होता." त्यांनी मान हलवली. कागदावर डाव्या कानाची रेघ सरळ होती. उजव्याची जिन्यावरून पडलेल्या माणसासारखी खाली गेली होती.

बाई सरळ बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, "असा एकाएकी कान का जातो ते बहुतेक वेळा आम्हालाही सांगता येत नाही. आम्ही स्टिरॉइडच्या गोळ्या देतो. लवकर सुरू केल्या तर फायदा होण्याची शक्यता जास्त, असं दिसतं. सगळ्यांना होतोच असं नाही. आणि काहींचा कान काहीच न घेतासुद्धा परत येतो."

हे शेवटचं वाक्य मुलीला आवडलं नाही. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "असं पेशंटला कशाला सांगायचं?"

"खरं असेल म्हणून," मी म्हटलं.

"खरं असलं तरी. आता तुम्ही गोळ्या चुकवाल."

"मी कशाला चुकवू?"

ती म्हणाली, "मामाकडे जायचं नाही. त्याचं काही घ्यायचं नाही. मला कबूल करा." मी मान डोलावली. चालता चालता डोलावली, म्हणजे ती फारशी मोजायची नाही असं मी मनाशी धरलं.

मामा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. झाडपाल्याच्या औषधांचं त्याचं दुकान आहे. रीतसर शिकलेला आहे, आणि त्याच्याकडे माणसं लांबून येतात. बायको आजारी पडली तेव्हा इस्पितळाची औषधं चालू होती. मामा रोज संध्याकाळी एक बाटली घेऊन यायचा. शेवटी शेवटी इस्पितळाच्या गोळ्या पाकिटांत तशाच शिल्लक राहू लागल्या आणि बाटली मात्र रोज रिकामी व्हायची. ती गेल्यावर कपाट आवरताना मुलीला ती पाकिटं सापडली. सगळे नातेवाईक बसले होते. ती पाकिटं तिनं मामाच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "हे तुझं काम. आता या घरात येऊ नकोस." तो उठला, चपला घातल्या आणि गेला. चहा तसाच राहिला.

त्याला आता वर्ष होत आलं. मला भाऊबहीण नाहीत. जवळची म्हणावी अशी माणसं ही दोनच राहिली. एक रोज रात्री मला जेवायला वाढते आणि दुसऱ्याचं नाव घेत नाही. दुसरा मला दुकानामागच्या खोलीत बसवतो आणि पहिलीची खुशाली इतक्या आडून विचारतो की मला ती आधी ओळखूच येत नाही. 'हल्ली इस्पितळात गर्दी फार असते म्हणे' असं तो म्हणतो, म्हणजे पोरगी दमते का असं त्याला विचारायचं असतं. दोघांपैकी एकही गेलं तर मला चालणार नव्हतं. माझ्यात तेवढा दम राहिला नव्हता.

तर कान गेल्याचं मामाला कळलंच. मुकादमाची आई त्याच्याकडून गुडघ्यांचं तेल नेते. तो सरळ आमच्या कोठारात आला, जिथं पाइप आणि जोडण्या रचून ठेवतात. एका पाइपावर बसला आणि माझ्या डाव्या बाजूला सरकला. हे त्याला सांगावं लागलं नाही.

"गोळ्या सुरू केल्यात, भावोजी?"

"केल्या."

"झोप?"

"नाही येत."

"भूक?"

"राक्षसासारखी. काल उभ्यानं अख्खा पाव खाल्ला."

तो हसला. "हे होणारच. त्या गोळ्या सूज मारतात म्हणे. मारत असतील. पण कानाच्या आत सूज होती हे पाहिलंय कुणी? माझं औषध आतलं रक्त फिरतं ठेवतं. तेही कुणी पाहिलेलं नाही, ते सोडा." त्यानं पिशवीतून तपकिरी बाटली काढली. "याच्यानं गुण आलेली माणसं मला माहीत आहेत. न आलेलीही आहेत. मी हमी देत नाही, मी दिलीय का कधी? पण एक ऐका. दोन्ही एकदम नको. त्या गोळ्या तरी घ्या, नाहीतर हे. मग निदान कळेल कशानं उतार पडला ते."

"तुला ते कळायला हवंय का?"

त्यानं बाटली माझ्या हातात दिली. "मला नको. पण कुणालातरी कळलं तर बरं होईल," तो म्हणाला.

कान माझा होता, पण भांडण माझ्या बायकोवरून होतं. गोळ्यांनी कान आला तर मामा त्याही वेळी चुकलाच होता असं ठरणार. काढ्यानं आला तर मुलीनं मांडीवर ठेवलेली पाकिटं तिला परत उचलावी लागणार. दोघांनी निकाल माझ्या डोक्याच्या एका बाजूला लावून ठेवला होता आणि मला विचारत होते, काय वाटतंय, काही ऐकू येतंय का.

मी दोन्ही घेतली. सकाळी मुलीसमोर न्याहारीवर गोळ्या. संध्याकाळी कामावरून परतताना मामाच्या दुकानामागच्या खोलीत काढा. मुलीला सांगितलं की मी फिरायला जातो. मामाला सांगितलं की गोळ्या सोडल्या. कुणालाच दुखवायचं नव्हतं, आणि वाद घालायला अंगात जोर नव्हता. काढा गोड होता, शेवटी थोडा तुरट. खोलीत वरपर्यंत बरण्या आणि वाळल्या पानांचा वास. मामा माप धरून ओतायचा आणि मी पीत असताना पाठ फिरवून उगाच बरण्या पुसायचा.

कामावर मला बसवून ठेवलं होतं. पाणी येत नाही म्हणून लोकांचे फोन यायचे, ते डाव्या कानानं घ्यायचे आणि गाडी कुठं पाठवायची ते सांगायचं. त्या गल्लीतली गळती दुसऱ्या दिवशीच मिळाली होती. माझ्या दोन्ही फुल्यांपासून लांब, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी. मुकादमानं ती यंत्रानं शोधली. खात्यानं हल्लीच घेतलेलं ते यंत्र आम्ही कोठारात पोत्याखाली ठेवलं होतं. यंत्राचं त्यानं कौतुक केलं नाही. उलट म्हणाला, "बॅटरी संपते मधेच. तुमची कधी संपायची नाही." मग त्याच्या लक्षात आलं काय बोलून गेलो ते, आणि तो दप्तर शोधायला निघून गेला.

दुसऱ्या तपासणीला गेलो तेव्हा बाहेरच्या बाकावर एक शिवणकाम करणारी बाई बसली होती. आम्हा बहिऱ्यांची गंमत अशी की कोण कुठल्या बाजूला बसणार हे आधी ठरवावं लागतं. तिचा डावा गेला होता, माझा उजवा. शेवटी आम्ही एकमेकांकडे चांगले कान करून बसलो.

"गोळ्या घेताय?" तिनं विचारलं.

"घेतोय."

"मी नाही घेतल्या. साखर आहे मला. डॉक्टरांनी कानात सुई देऊ म्हटलं, त्याचं मला भ्या वाटलं. घरी बसले. पडदे शिवायचं मोठं काम होतं. आठवड्यानं एकदम मशीनचा आवाज दोन्हीकडून यायला लागला. मला वाटलं मशीन बिघडली."

"म्हणजे बरा झाला?"

"बरा झाला. बाजू बघून बसायची सवय तेवढी राहिली. डॉक्टर म्हणतात नशीब. सासू म्हणते तिनं लसूण टाकलेलं तेल घातलं त्यानं. जाऊ म्हणते तिनं नवस बोलला. मी म्हणते तिघांनी वाटून घ्या आणि मला पडदे पुरे करू द्या."

मला बऱ्याच दिवसांनी खरं हसू आलं. आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी रेघ दाखवली. उजव्या कानाचा खालचा सूर थोडा वर आला होता. जाड आवाज, मोटारीचा, पावलांचा, पुरुषाच्या बोलण्याचा. वरचा बारीक भाग मात्र तिथंच पडून होता.

मुलगी काउंटर सोडून आली होती. तिनं कागद हातात घेतला आणि ती इतकी आनंदली की मला तिच्या तोंडाकडे पाहवेना. "बघितलंत? वेळेवर सुरू केल्या म्हणून." तिनं कागदाचा फोटो काढून घेतला.

संध्याकाळी मामानंही तो कागद उजेडात धरून पाहिला. "येतोय," तो म्हणाला. एवढंच. मग तो आत गेला आणि काही वेळ बाहेर आलाच नाही. आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं. "गोळ्या कधी सोडल्या होत्या म्हणालात?" त्यानं विचारलं. मी काहीतरी सांगितलं.

त्यानंतर माझे पाय सुजायला लागले. बूट सकाळी घातले तर दुपारी निघेनात. कचेरीचा जिना चढताना मांड्यांत जोर नसायचा, आणि डोकं जड. मी म्हटलं वय झालं, म्हटलं झोप नाही म्हणून. मग एके दिवशी त्याच जिन्यावर कठड्याला धरून खाली बसलो, आणि मुकादमानं मला गाडीत घालून इस्पितळात नेलं. पाइप न्यायच्या गाडीतच नेलं. वाटेत तो म्हणाला, "तुम्हाला काही झालं तर मला त्या यंत्राशी संसार करावा लागेल."

रक्तदाब खूप चढला होता. रक्त तपासलं तर त्यातलं काहीतरी फार खाली गेलं होतं. कानाच्या बाईंनाच बोलावलं. त्या खाटेजवळ, चांगल्या कानाच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. "या गोळ्यांनी थोडं होतं, एवढं होत नाही," त्या म्हणाल्या. "आणखी काय घेताय?"

मुलगी पायथ्याशी उभी होती. मी म्हटलं, "काही नाही."

"नीट आठवा. ओरडायला नाही विचारत मी. मला आकडे जुळवायचे आहेत."

मी वर छताकडे पाहिलं. खूप दमलो होतो. दोघांना दोन गोष्टी सांगायच्या आणि कुणाला कुठली सांगितली ते लक्षात ठेवायचं, हे काम कान गेलेल्या माणसाला जमत नाही. बाकीच्या कुणाला जमत असेल असंही वाटत नाही. मी म्हटलं, "रोज संध्याकाळी काढा."

"कशाचा?"

"ते मला माहीत नाही."

"कुणाला माहीत आहे?"

मुलीनं खाटेची दांडी सोडली आणि ती बाहेर गेली. मला वाटलं ती गेलीच. पण दाराच्या काचेतून दिसत होतं, ती फोन काढून उभी होती. बराच वेळ नुसती उभी होती. मग आत आली, फोन माझ्या उशीपाशी ठेवला, त्याचा आवाज मोठा केला आणि नंबर लावला. नंबर तिला पाठ होता.

"हॅलो?" मामाचा आवाज आला. मागं दुकानात कुणीतरी काहीतरी मागत होतं.

"मी बोलतेय," ती म्हणाली.

मामानं दुकानातल्या माणसाला थांबायला सांगितल्याचं ऐकू आलं. मग दार लागलं. "बोल," तो म्हणाला.

"तुम्ही बाबांना जो काढा देता, त्यात काय काय आहे?"

तुम्ही. लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून त्याचे कान ओढणारी पोरगी. मग त्यानं एकेक नाव घेतलं, संथपणे, लिहून घेणाऱ्याला सांगावं तसं. ती तळहातावर पेनानं लिहीत होती. पानं, मुळं, साली. मधेच ती थांबली.

"ज्येष्ठमध म्हणालात?"

"हो. गोडीला. आणि घशाला."

"किती?"

त्यानं सांगितलं. मग स्वतःच म्हणाला, "का? काय झालं? भावोजी गोळ्या सोडल्या म्हणाले मला."

"सोडल्या नाहीत. दोन्ही घेत होते. मला म्हणाले फिरायला जातो."

"देवा," मामा म्हणाला. मोठ्यानं नाही. "स्टिरॉइड आणि ज्येष्ठमध. दोन्ही अंगात पाणी धरून ठेवतात. सुजले का पाय?"

"सुजलेत. दाब चढलाय. पोटॅशियम खाली."

"काढा आत्ता बंद. आजचा भरून ठेवलाय, तो ओतून देतो. आणखी असं काही नाही त्यात. थांब, असं नको, एकेकाचं प्रमाण पण घे, तुमच्या डॉक्टरांना लागेल." तो परत पहिल्यापासून सांगू लागला, आणि ती लिहू लागली. काउंटरवरची दोन माणसं एकमेकांना माल मोजून देतात तसं चाललं होतं. डॉक्टरीणबाई वाकून तिच्या तळहातावरचं वाचत होत्या. मी मधे पडलो होतो आणि माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. मला बरं वाटत होतं.

सगळं झालं. ती म्हणाली, "ठीक आहे." पण फोन ठेवला नाही. बाईंना कळलं असावं, त्या परिचारिकेशी बोलायला बाजूला झाल्या.

"आईच्या बाटलीत काय होतं?" तिनं विचारलं.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग मामा म्हणाला, "काही नव्हतं."

"काही नव्हतं म्हणजे?"

"पाणी, थोडी सुंठ, गूळ. ताईला गोड लागायचं. औषध असं काही नव्हतं त्यात. रिपोर्ट मीही पाहिले होते. माझ्याकडे त्याला औषध नव्हतं."

"मग दिलंस कशाला?"

"रोज यायचं तर हातात काहीतरी लागतं. नुसता रोज येऊन बसलो असतो तर तिच्या लक्षात आलं असतं मी कशासाठी येतो ते."

मुलगी भिंतीला टेकली. "आणि गोळ्या? तिनं गोळ्या बंद केल्या त्या?"

"तिनं स्वतः केल्या. तोंडाला चव राहत नाही म्हणाली. मी घे म्हणत होतो. ती माझं कधी ऐकायची? तू ऐकलंयस तिला माझं ऐकताना?"

"हे तू तेव्हा का नाही बोललास?"

"तू पाकिटं ठेवलीस ना मांडीवर. सगळे बसले होते. मी म्हटलं, राहू दे. कुणावर तरी राग काढायला हवाच होता पोरीला. माझ्यावर काढला तर काय बिघडलं?" तो म्हणाला. "मला वाटलं महिनाभर राहील."

तो खरं बोलला का, मला सांगता येणार नाही. मी सकाळी रस्त्यावर असायचो, संध्याकाळी दमून यायचो. त्या दोघांचं काय बोलणं व्हायचं ते मी ऐकलेलं नाही. बाटलीत गूळ होता की आणखी काही, हे सांगणारं आता कुणी उरलं नाही. मुलीनंही तसंच काहीतरी मनात फिरवलं असावं. कारण शेवटी ती एवढंच म्हणाली, "बाबांना आज इथंच ठेवतील. उद्या पोटॅशियम परत बघतील. मी कळवते." आणि फोन बंद केला. मग माझ्या सुजलेल्या पायांवरची चादर सारखी करत म्हणाली, "तुम्हाला दोन्ही कान नसले तरी चाललं असतं, बाबा. तुम्ही ऐकताय कुणाचं?" आईसारखं बोलली. मी डोळे मिटून पडून राहिलो.

तिनं दुसऱ्या दिवशी त्याला कळवलं. त्याच्या पुढच्या दिवशीही, कारण त्यानं विचारलं होतं. सूज उतरली. गोळ्या हळूहळू कमी करून बंद केल्या. शेवटच्या तपासणीला मी एकटाच गेलो. खालचे सूर बहुतेक परत आले होते. वरचे आले नाहीत, आणि आता येतील असं वाटत नाही, असं बाई म्हणाल्या. सूं आहेच. मी त्यांना विचारलं, जेवढं आलं तेवढं कशानं आलं? गोळ्यांनी, काढ्यानं की आपोआप?

"तुम्ही एकच काही घेतलं असतंत तरी मला छातीठोक सांगता आलं नसतं," त्या म्हणाल्या. "एका माणसाच्या एका कानावरून ते कळत नाही. त्याला खूप माणसं लागतात, निम्म्यांना एक, निम्म्यांना दुसरं. आणि तुम्ही तर सगळंच घेतलंत." मग त्या म्हणाल्या, "घरचे काय म्हणतात?"

मी म्हटलं, "घरच्यांनी विचारायचं सोडलंय."

ते खरं होतं. मुलगी आता गोळ्यांचं नाव काढत नाही, मामा काढ्याचं काढत नाही. मी पुन्हा कांडी घेऊन फिरतो, मुकादम सोबत यंत्र घेऊन असतो. मी डावा कान लावायला शिकतो आहे. तो कच्चा आहे. त्याला आवाज येतो, पण जवळचा की लांबचा ते पटकन सांगता येत नाही. मुकादम म्हणतो नव्या सुनेसारखं आहे, रुळेल.

मुलगी मामाला फोन करते, दर वेळी माझ्या दाबाचा आकडा सांगायला. कधी तू म्हणते, कधी तुम्ही. आकडा सांगून झाल्यावर फोन थोडा वेळ चालूच राहतो, मग ती ठेवते. पाकिटांबद्दल परत बोलणं झालेलं नाही. चुकलं असं ती म्हणालेली नाही, आणि ती चुकली असं मलाही ठाम म्हणता येत नाही. गेल्या रविवारी मी तिला म्हटलं, त्याला जेवायला बोलवू या का. ती ताटं पुसत होती. म्हणाली, "बघू." त्याला विचारलं तर तो म्हणाला, "तिनं सांगितलं तर येईन." तिनं सांगितलेलं नाही. त्या दोघांना एका टेबलाशी बसवायचं अजून राहिलं आहे.